झाडाखालचे रान

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इगतपुरी-त्र्यंबकेश्वर पट्ट्यातील एका ठाकर पाड्याच्या मागच्या डोंगरावर आम्ही वृक्षारोपण ठेवले होते. रोपांसाठी आपल्यापैकी अनेकांनी देणगी पाठवली होती, आणि शहरातील मंडळीतून पंचवीस-तीस तरुण आले होते. जुलै महिना, डोंगर हिरवागार. उत्साहाच्या भरात आम्ही आधी जागा 'साफ' करून घेतली. कोयते-विळे चालले, वेल ओढले, झुडपे उपटली, आणि दुपारपर्यंत खड्डे तयार झाले.

मग पाड्यावरची एक आजी वर आली. आम्ही टाकलेल्या ढिगाशी बसून ती एकेक पाला निवडू लागली.

"ताई, ही भारंगी. हे शेवळाचं पान. ही चाई. आमची भाजी उपटून टाकली तुम्ही. आन् आता काय लावता?"

"झाडं लावतोय, आजी."

"झाडं हायेत की. खोडाला फुटवं आलेत, दिसत नाहीत का? त्यांना ऱ्हाऊ द्या म्हंजे झालं."

मला उत्तर सुचले नाही. तोडलेल्या ऐनाच्या आणि हिरड्याच्या बुंध्यांना खरोखरच हातभर फुटवे आले होते. आम्ही त्यांतले निम्मे झुडूप समजून छाटले होते. आमची रोपे मात्र तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत मोजकीच उरली.

त्या दिवसापासून मी डोंगराकडे वेगळ्या नजरेने पाहायला शिकले. 'जंगल तुटले' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पडलेली झाडे येतात. पण झाडांबरोबर त्यांच्या खालचेही एक रान जाते. ते का जाते, कसे जाते, आणि ते गेल्याने पाड्यावरच्या घरात काय कमी होते, हे या लेखात समजून घेऊ.

रानाचे मजले

सह्याद्रीतले चांगले रान एखाद्या मजली घरासारखे असते. सर्वांत वर ऐन, हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, काकड अशा उंच झाडांचे छप्पर. त्याखाली अंजनीसारखी लहान झाडे. त्याच्या खाली कारवी, दिंडा, भारंगी, मुरुडशेंग ही झुडपे. आणि अगदी जमिनीलगत शेवळ, कुलू, रानहळद, नेचे, चाई आणि करटोली यांचे वेल, शिवाय वरून न दिसणारे असंख्य कंद. झाडांच्या खोडांवर आमरीची झुबकेदार रोपे बसलेली असतात, ती निराळीच.

या खालच्या मजल्यावरच्या बऱ्याच वनस्पती वर्षातले सात-आठ महिने जमिनीखाली झोपलेल्या असतात. त्यांचे सगळे आयुष्य पावसाच्या चार महिन्यांत उरकते. शेवळाचेच पाहा. मे अखेरीस वळवाच्या सरी पडल्या की जमिनीतून नुसता तपकिरी-जांभळट फुलोरा वर येतो. तीच आपली शेवळाची भाजी. जो फुलोरा खुडला जात नाही, तो पुढे बी धरतो. नंतर छत्रीसारखे एक पान उगवते. ते पान पावसाळाभर अन्न तयार करून कंदात साठवते आणि पाऊस संपल्यावर वाळून जाते. म्हणजे पुढच्या वर्षीची भाजी या वर्षीच्या त्या एका पानावर अवलंबून असते. आम्ही उपटले होते ते नेमके हेच पान.

सावली म्हणजे नुसता अंधार नव्हे

झाड गेले की पहिली गोष्ट बदलते ती उजेड. घनदाट सदाहरित रानात जमिनीपर्यंत शंभरातला एखाद-दोन भागच उजेड पोहोचतो. आपल्याकडच्या पानगळीच्या रानात तो जास्त असतो, पण तोही पानांतून गाळून आलेला. सावलीत वाढणाऱ्या वनस्पतींची पाने पातळ आणि रुंद असतात, कारण थोडा उजेड मिळाला तरी तो पुरेपूर वापरायचा असतो. अशा पानावर अचानक उघडे ऊन पडले, की त्याची अन्न तयार करण्याची यंत्रणाच बिघडते. पान पिवळे पडते, कडा करपतात.

दुसरे असे की पाने उजेडातला तांबडा रंग शोषून घेतात. त्यामुळे झाडाखाली पोहोचणारा उजेड त्या रंगाला मुकलेला असतो. अनेक बारीक बियांना हा फरक कळतो. 'वर छप्पर आहे, अजून उगवू नको' असा तो त्यांच्यासाठी इशाराच असतो. छप्पर निघाले की इशाराही निघतो, आणि वर्षानुवर्षे मातीत पडून राहिलेले तणाचे बी एकाच पावसात उगवून येते.

उजेडापाठोपाठ बदलते ती उष्णता. जगातल्या अनेक ठिकाणची मोजमापे एकत्र करून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार रानाच्या आतले कमाल तापमान बाहेरच्या मोकळ्या जागेपेक्षा सरासरी सुमारे ४ अंश सेल्सिअसने कमी असते, आणि किमान तापमान साधारण १ अंशाने जास्त. झाडे दुपारी पंख्यासारखी आणि रात्री पांघरुणासारखी उपयोगी पडतात. सह्याद्रीतला उन्हाळा आठवा. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या उतारावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. त्या मातीत चार-सहा बोटे खाली शेवळाचा कंद आणि आमरीचे गाठोडे पावसाची वाट पाहत असते. ओल किती दिवस टिकते यावर त्यांचे जगणे ठरते.

तिसरी गोष्ट म्हणजे पालापाचोळा. झाडांची गळलेली पाने मातीवर गोधडीसारखी पसरतात. तिच्याखाली ओल राहते, गांडुळे आणि किडे राहतात, आणि बुरशीचे बारीक धागे पसरतात. हे धागे अनेक वनस्पतींच्या मुळांशी जोडलेले असतात आणि त्यांना पाणी व क्षार पुरवतात. आमरीचे बी तर धुळीइतके बारीक असते. त्यात अन्नाचा साठाच नसतो, म्हणून योग्य बुरशी भेटल्याशिवाय ते रुजत नाही. झाड गेले की पाने गेली, पाने गेली की गोधडी गेली, आणि गोधडीबरोबर हा सगळा अदृश्य संसार मोडतो.

पावसाचा थेंब

इगतपुरीच्या परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. हा पाऊस मातीवर कसा पडतो यावर डोंगराचे भवितव्य ठरते.

उंच झाडे मातीला पावसापासून वाचवतात असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. पानांवर पडलेले पाणी एकत्र होऊन मोठा थेंब बनतो, आणि तो आठ-दहा मीटर उंचीवरून सुटला तर जमिनीवर येईपर्यंत जवळजवळ पूर्ण वेग गाठतो. असा टपोरा थेंब उघड्या मातीवर आदळला तर साध्या पावसापेक्षाही जास्त माती उडवतो. सागासारख्या मोठ्या पानांच्या झाडाखाली हे अधिक घडते. मग मातीला खरे कोण वाचवते? तर खालचा मजला. झुडपे, वेल, नेचे आणि पालापाचोळा. उंचावरून आलेला थेंब त्यांच्यावर फुटतो आणि हळूच जमिनीत मुरतो.

म्हणूनच ओळीत लावलेला, खाली झाडून-जाळून स्वच्छ ठेवलेला सागाचा मळा लांबून रानासारखा दिसला तरी त्याच्या पायथ्याचा ओढा पावसाळ्यात लाल वाहतो. आणि म्हणूनच आमची ती 'साफसफाई' डोंगरावरच्या मातीच्या दृष्टीनेही चुकीची होती. बोटभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. वाहून जायला एक-दोन पावसाळे पुरतात. माती गेली की कंदांना राहायला जागाच उरत नाही.

रिकाम्या जागी कोण येते

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. झाडे तुटल्यावर डोंगर लगेच ओसाड होतो असे नाही. उलट पहिली काही वर्षे तो जास्तच हिरवा दिसतो. गवत वाढते, टाकळा येतो, कुरडू येतो. वनस्पतींच्या जाती मोजल्या तर त्यांची संख्या कधी कधी वाढलेलीही आढळते. टाकळा आणि कुरडूची भाजी पाड्यावर आवडीने खातात. मग बिघडले कुठे?

बिघडते ते असे की टाकळा रस्त्याच्या कडेला, गावठाणावर, कुठेही येतो. शेवळ, भारंगी आणि चाई कुठेही येत नाहीत. कुठेही जगू शकणाऱ्यांची गर्दी वाढते आणि एकाच प्रकारच्या जागी जगू शकणारे निघून जातात. बेरीज तीच दिसते, पण रान तेच राहत नाही.

त्यातच घाणेरी आणि रानमोडी येतात. घाणेरी, जिला काही ठिकाणी टणटणी म्हणतात, ही मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. आज ती देशभरातल्या डोंगरांवर पसरली आहे. तिची फळे बुलबुल खातात आणि बी दूरवर टाकतात. गुरे तिला तोंड लावत नाहीत, कारण ती विषारी आहे. तोडली तरी बुडख्यातून पुन्हा फुटते. रानमोडी हीसुद्धा त्याच खंडातून आलेली, आणि लोकांनी तिला दिलेले नावच तिची करणी सांगते. दाट सावलीत या दोघींचे फारसे चालत नाही. छप्पर फाटले की त्या शिरतात, आणि एकदा दाट झाल्या की त्यांच्याखाली ना ऐनाचे रोप उगवते ना करटोलीचा वेल. म्हणजे रान परत येण्याचा रस्ताच त्या अडवून बसतात.

उघड्या उतारावर वाळलेले गवत वाढले की वणवाही सहज पसरतो. वणव्यात आधी पालापाचोळा जळतो, मग कोवळी रोपे. दरवर्षी आग लागत राहिली तर मातीवर गोधडी पुन्हा कधी तयारच होत नाही.

नुकसान उशिरा कळते

झाडे गेली तरी खालचे कंद लगेच मरत नाहीत. जमिनीतल्या साठ्यावर ते काही वर्षे तग धरतात आणि दरवर्षी पान वर काढतात. पाहणाऱ्याला वाटते, भाजी आहे की! पण प्रत्येक वर्षी पान लहान होते, कंद बारीक होतो, फुलोरा येत नाही. बी पडले तरी कडक मातीत रुजत नाही. करटोलीसारख्या वेलात तर नर आणि मादी वेल वेगळे असतात. वेल विरळ झाले की परागण होत नाही आणि फळ धरत नाही. पाड्यावर म्हातारी माणसे असतात, पण मुले जन्मत नाहीत, अशी ही अवस्था. मग एखाद्या वर्षी जून येतो आणि शेवळ येत नाही. तोडणी आणि हे नुकसान यांत इतकी वर्षे गेलेली असतात की दोन्हींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

सरकारी मोजणीतही हे दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात उपग्रहाच्या चित्रांवरून वनाच्छादन मोजतात. जमिनीचा ७० टक्के किंवा अधिक भाग झाडांच्या छत्राखाली असेल तर 'अति घनदाट', ४० ते ७० टक्के असेल तर 'मध्यम घनदाट', आणि १० ते ४० टक्के असेल तर 'खुले' वन. पूर्वी ३५ टक्के छत्र असलेला डोंगर १५ टक्क्यांवर आला तरी कागदावर तो 'खुले वन'च राहतो. झाडाखाली राहणाऱ्या शेवळाला मात्र या दोन आकड्यांतला फरक जगण्या-मरण्याचा असतो.

पाड्यावरच्या चुलीपर्यंत

आपल्या कामाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध चुलीपाशी आहे.

डोंगरावरच्या कुटुंबांत भात आणि नाचणी घरात येते ती दिवाळीच्या आसपास. आषाढ-श्रावणापर्यंत कणगी तळाला गेलेली असते. शेतात लावणीचे कष्ट सर्वांत जास्त आणि घरात धान्य सर्वांत कमी, असा हा काळ. नेमक्या याच दिवसांत रान शेवळ, कुलू, भारंगी, चाईचे कोंब, करटोली आणि कडवे कंद देते. त्यांना पैसे पडत नाहीत. गरोदर बाईला आणि लहान मुलाला हिरवी भाजी मिळते. जास्तीची मिळाली तर जुडी बांधून बाया नाक्यावर विकतात, आणि त्या पैशातून मीठ, तेल, वही येते.

या भाज्यांमागे मोठे ज्ञान आहे. शेवळ नुसते शिजवले तर घसा खाजतो. म्हणून त्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाची आंबट फळे घालतात. आता पाहा, काकड हे वरच्या मजल्यावरचे झाड आणि शेवळ अगदी खालच्या मजल्यावरचे. रानात ते एकमेकांच्या आधाराने राहतात आणि कालवणातही एकत्र येतात. काकड तुटले तर शेवळाची सावलीही जाते आणि त्याचा उताराही जातो.

हे ज्ञान पुस्तकात नाही. ते आजीबरोबर रानात फिरताना नातीला मिळते. भाजी संपली की फेरी संपते, आणि मग नावेही विसरली जातात. आमच्या शिकवणीला येणाऱ्या मुलींना मी करटोली दाखवायला सांगितली की त्या आता बाजाराकडे बोट दाखवतात.

झाडे गेली कशी

दोष आदिवासींच्या कोयत्याला देणे सोपे असते. भाताच्या रोपासाठी राब भाजायला ते फांद्या तोडतात, हे खरे. पण फांदी छाटलेला ऐन पुन्हा फुटतो, आणि मालकीच्या बांधावरचे झाड माणूस सहसा मुळासकट काढत नाही. मोठी तोड अनेक अंगांनी झाली. थळ घाटातून आगगाडी १८६५ मध्ये सुरू झाली. रेल्वेच्या वाढत्या जाळ्याला स्लीपर आणि जळण हवे होते. १८७८ च्या कायद्याने राखीव वने सरकारी झाली आणि पाड्यांचा रानावरचा शब्द संपला. पुढे कोळशाच्या भट्ट्या आल्या, ज्यांत कातकरी कुटुंबे अंगावर घेतलेली उचल फेडत राबली. मग धरणे, रस्ते, आणि आता शहरवासीयांची शेतघरे. शहरात राहणाऱ्या आपल्या गरजाही या यादीत आहेत, हे विसरून चालणार नाही.

मग आपण काय करावे

त्या जुलैनंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. पाड्यावरच्या बायांकडून आणि वाचनातून जे शिकलो ते थोडक्यात सांगते.

पहिले, लावण्याआधी राखा. जिथे जुने बुंधे जिवंत आहेत तिथे दोन-तीन वर्षे गुरे, कुऱ्हाड आणि वणवा दूर ठेवला तर फुटव्यांतून रान स्वतःच उभे राहते. या झाडांची मुळे आधीच खोल गेलेली असतात, म्हणून ती रोपांपेक्षा लवकर वाढतात. राखणदाराची मजुरी आणि जाळरेषेचा खर्च रोपांच्या खर्चाहून अधिक उपयोगी पडतो, जरी त्याचे छायाचित्र चांगले येत नसले तरी.

दुसरे, खालचे 'साफ' करू नका. खड्ड्यापुरती जागा मोकळी करा आणि बाकीचे राहू द्या. काढायची असेल तर घाणेरी काढा. तीही फळे धरण्याआधी, जमिनीखाली दोन-तीन इंच गड्डा तोडून. नुसती वरून छाटली तर ती दुप्पट येते.

तिसरे, सगळीकडे झाडे लावू नका. सह्याद्रीतले खडकाळ सडे मुळातच झाडांचे नाहीत. पावसाळ्यात तिथे फुलणाऱ्या लहान वनस्पतींना उघडे आकाशच लागते. साताऱ्याजवळचे कास पठार आपल्याला ठाऊक आहे. तिथे सावली हेच संकट ठरेल. जागा कोणाची आहे, हे आधी पाहावे.

चौथे, देवरायांकडून शिका. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. आसपासचे डोंगर उघडे पडले असता या राखलेल्या तुकड्यांत जुने रान टिकून होते, हे त्यांनी दाखवले. त्यामागची श्रद्धा आपली नसेल. पण हाव आवरून एक तुकडा न तोडता ठेवण्याची शिस्त आपणही आदराने शिकावी अशीच आहे.

पाचवे, हक्काचा कागद मिळवून द्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे कंद, मुळे, औषधी वनस्पती, बांबू यांवर, गावाचा हक्क मान्य केला आणि सामूहिक वन राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने हा हक्क मिळवून स्वतःचे रान सांभाळले. दावा तयार करणे, नकाशा जोडणे, तालुक्याला खेटे घालणे, यांत आपली मदत रोपांपेक्षा जास्त काळ टिकेल.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जमिनीतून वनस्पती उगवल्याचे वर्णन आहे. तिथे हिरवळ आणि बीज देणाऱ्या वनस्पती आधी येतात, फळझाडे त्यानंतर. मी तो भाग अनेकदा शिकवला आहे. त्यातल्या लहान झाडांकडे माझे लक्ष वेधले ते मात्र त्या आजीने.

त्या उतारावर आम्ही नंतर काही लावले नाही. पाड्यातल्या दोन जणांना राखण दिली आणि कडेने जाळरेषा काढली. बुंध्यांतून फुटलेले ऐन आता डोक्याच्या वर गेले आहेत. मागच्या जूनमध्ये मी गेले तेव्हा आजीची सून ओंजळभर शेवळ घेऊन खाली येत होती. पूर्वीइतके नाही, ती म्हणाली, पण येऊ लागलेय. काकडाची फळे मात्र तिला अजून पलीकडच्या डोंगरावरून आणावी लागतात.